नाव, वस्ती, खूण

दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्यावर मी एक पांढरी चिकटपट्टी लावायचो आणि तिच्यावर मार्करने तीन गोष्टी लिहायचो: नाव, वस्ती, खूण. नाव गिऱ्हाइकाचं. वस्ती म्हणजे सिंधीपुरा, इतवारा, बहादरपूर, जे असेल ते. आणि खूण म्हणजे घर सापडावं म्हणून काहीतरी, पाण्याच्या टाकीमागे, पिठाच्या गिरणीसमोर, असं. आमच्या बुऱ्हाणपुरात नुसत्या नावावर कोणी सापडत नाही. एका गल्लीत चार महाजन, त्यातले दोन सुभाष. खूण लिहिली की काम संपलं.

ही पट्टी मी का सुरू केली, त्यालाही कारण घडलं होतं. इतवाऱ्यात दुकान टाकलं त्या सुरुवातीच्या काळात एका मास्तरांचा डबा चुकून एका साडीवाल्याकडे गेला. दोन्ही डबे काळे, दोन्हींवर सारखीच धूळ. साडीवाल्याने तीन दिवस तक्रार केली नाही, याचं मला नवल वाटलं. मग कळलं की त्या डब्यात आठवीच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि साडीवाल्याची धाकटी आठवीत होती. मास्तरांनी सगळे पेपर पुन्हा काढले आणि मी स्टेशनरीच्या दुकानातून चिकटपट्टीची डझनभर रिळं आणली. त्यानंतर माझ्याकडून एकही डबा चुकीच्या घरी गेला नाही. याचा मला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तोच मला नडला.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. आता दुकान भाच्याच्या ताब्यात दिलं आहे, पण काउंटरवरची माझी खुर्ची अजून हलवू दिलेली नाही. लोकांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे पेचकस घेऊन आत काहीतरी खाटखूट करायची. निम्मं काम प्रत्यक्षात लोकांच्या वतीने बटणं दाबण्याचं असतं. हे सुरू करून द्या, ते टाकून द्या, इथे काय लिहायचं ते तुम्हीच लिहा. त्यात गेमची गिऱ्हाइकं बरीच. कॉलेजची पोरंपोरी तर यायचीच, पण बँकेतले साहेब, कापडाचे व्यापारी, केळीवाले शेतकरीही यायचे. पावसाळ्यात शेताची कामं थांबली की एक गृहस्थ फक्त गेम टाकून घ्यायला यायचे आणि दुकानात दुसरं कोणी असेल तर प्रिंटरच्या शाईची चौकशी करत उभे राहायचे.

पूर्वी गेमचं सोपं होतं. डबी विकत आणायची, आतली चकती घालायची, खेळायचं. मग हळूहळू असं झालं की डबीत चकती असायची, पण ती नुसती घालून भागायचं नाही. गेम म्हणायचा, आधी इंटरनेट जोडा, आमच्या प्लॅटफॉर्मवर खातं उघडा, नाव सांगा, जन्मतारीख सांगा, ईमेल सांगा, मग बघू. हा प्लॅटफॉर्म म्हणजे गेम विकणाऱ्या कंपन्यांचा ऑनलाइन दरवाजा. डबी तुमची, कॉम्प्युटर तुमचा, वीज तुमची, पण आत जायचं तर त्या दरवाज्यातूनच. आणि दरवाज्यावर जो बसलाय तो लिहून ठेवतो, तुम्ही कधी आलात, किती तास खेळलात, कोणाबरोबर खेळलात, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवलेलं आहे.

कॉलेजच्या पोरांना याची धास्ती वाटायची. काका, हे लोक आपलं काय काय बघतात, असं ती विचारायची. एक जण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावून यायचा. मी हसायचो. तुला बघून त्यांना काय मिळणार आहे, असं म्हणायचो. दाढी करून बस म्हणजे झालं. सगळी हसायची, मी खातं उघडून द्यायचो, आणि शेवटी ते लांबलचक इंग्रजी करारपत्र यायचं त्याच्या तळाशी ‘मी सहमत आहे’वर टिचकी मारायचो. अशी किती खाती उघडली असतील, मोजली नाहीत. नावं आणि पासवर्ड मात्र वहीत लिहायचो आणि ती वही काउंटरवर सगळ्यांसमोर उघडी पडलेली असायची.

या सुखात एक दिवस ठोसरकाका आले.

ठोसरकाकांनी उभी हयात तहसिलीबाहेर अर्जीनवीस म्हणून काढली होती. झाडाखाली टेबल, टेबलावर शाईपेन आणि अंगठ्याचा पॅड. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारी भाषेत येत नाही, त्यांचे अर्ज आणि कागद ते लिहून द्यायचे. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, त्यामुळे कामकाज सगळं हिंदीत. लिहिलेला कागद समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याला समजलं का ते विचारायचं आणि मगच अंगठा घ्यायचा, हा त्यांचा नेम. वाचल्याशिवाय कोणाचा अंगठा घेतला नाही, असं ते सांगायचे आणि तहसिलीतले जुने लोक त्यांच्या साक्षीला यायचे. माणूस वाळका, शर्टाच्या खिशात कायम एक निळी पेन्सिल.

त्यांच्या इंदूरच्या पुतण्याने त्यांना आपला जुना कॉम्प्युटर आणि बुद्धिबळाच्या गेमची एक नवीकोरी डबी पाठवली होती. घरात एकटे असतात, वेळ जाईल, म्हणून. ते डबी घेऊन आले, मी चकती घातली, खातं उघडायचं पान आलं, करारपत्र आलं, मी सवयीने टिचकी मारायला गेलो आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“थांब. काय लिहिलंय त्यात?”

मी म्हणालो, काका, हे कोणी वाचत नाही.

“मग लिहिलंय कोणासाठी?”

मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक म्हातारं आहे, समजूत काढू, पण ते समजूत काढून घेणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मला ते सगळं करारपत्र छापायला लावलं. भला मोठा गठ्ठा झाला. दुसऱ्या दिवसापासून ते रोज अकरा वाजता यायचे, काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसायचे आणि निळी पेन्सिल घेऊन वाचायचे. त्यांचं बोलण्यातलं इंग्रजी यथातथाच होतं, पण कोर्टकचेरीचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळायचं. सांगायला मात्र हिंदी-मराठीची खिचडी. मी सोल्डरिंग करत असायचो आणि ते मधूनच वाचून दाखवायचे. विनायक, ऐक, असं म्हणायचं आणि सुरू.

एकदा म्हणाले, डबीवर किंमत छापली, दुकानदाराने विक्री म्हणून पैसे घेतले, आणि इथे आत लिहिलंय की विक्री नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे आणि ती कधीही काढून घेता येते. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आपण कधी उठतो, कधी बसतो, याची हे नोंद ठेवणार आणि आणखी कोणाकोणाला देणार, आणि त्या कोणाची यादी कुठे आहे, तर यादी नाही. दुकानातली पोरं त्यांना वकीलसाब म्हणायला लागली. मीही हसायचो. माणूस रिकामा आहे, बसलाय, चहा पितोय, असंच मी धरून चाललो होतो.

एके सकाळी त्यांनी एका ओळीखाली दोनदा रेघ मारली आणि विचारलं, ‘या खात्यात जे नाव लिहाल ते प्लॅटफॉर्मवरच्या सगळ्यांना दिसेल, असं म्हटलंय. तू लोकांची काय नावं लिहितोस?’ मी म्हणालो, नाव म्हणजे नाव, काका, आणखी काय लिहिणार. त्यांनी पान उलटलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या बहादरपूर गावाहून गौरी आली. सुभाषभाऊ महाजनांची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरचाच विषय. सुभाषभाऊ केळीवाले. त्यांच्या शेतातून ट्रक भरून केळी दिल्लीकडे जायची. मुलीला अभ्यासाला कॉम्प्युटर त्यांनी माझ्याकडूनच नेला होता. गौरीने इंदूरहून मैत्रिणीकडून गेमची डबी मागवली होती. गेम ट्रक चालवायचा. कोणाला मारायचं नाही, पळायचं नाही, माल भरायचा आणि दूरदूरच्या रस्त्यांनी पोहोचवायचा. इंटरनेटवर आणखी चालक असतात, त्यांच्याबरोबर ताफ्यात जाता येतं, आणि प्रत्येक ट्रकच्या वर त्याच्या चालकाचं नाव तरंगत असतं. लहानपणापासून दारात ट्रक भरताना बघितलेली पोरगी ती. आत बसायला तिला कधी मिळालं नव्हतं.

खातं उघडताना तिने विचारलं, काका, नाव खरंच टाकायचं का?

मी म्हणालो, खोटं कशाला टाकायचं, आपण काय चोर आहोत?

स्टुलावरून ठोसरकाका म्हणाले, “पोरगी बरोबर विचारतेय, विनायक.”

मी दोघांनाही हसण्यावारी नेलं. डब्यावर पट्टी होतीच. नावाच्या रकान्यात मी बोटांच्या सवयीने पट्टीवरची इबारत इंग्रजी अक्षरांत उतरवली, रकान्यात मावली तेवढी: गौरी महाजन, बहादरपूर, बस स्टँड. नाव, वस्ती, खूण. सगळ्यांचं मी असंच करत आलो होतो. वहीतली नावं आणि खात्यातली नावं सारखी राहिली की दुरुस्तीला आल्यावर शोधायला सोपं जातं. यात काही चूक आहे, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. माझ्या हिशेबी ती दुकानातली पट्टी होती. जगभरचे लोक ती वाचत फिरतायत हे मला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं म्हणून ते नव्हतं.

दोन-अडीच महिने गेले. एका दुपारी सुभाषभाऊ मोटरसायकलवरून दुकानासमोर उतरले. मागे गौरी, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, हातांनी गच्च धरलेला. तिचे डोळे सुजलेले होते. सुभाषभाऊ एरवी बोलका माणूस, आल्या आल्या केळीचा भाव सांगणारा. त्या दिवशी त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि उभेच राहिले.

“विनूभाऊ, हा ठेवून घ्या. कोणी घेणार असीन तर देऊन टाका. आमाले नाही पायजे आता.”

मी विचारलं, बिघडला का? तेव्हा हळूहळू गोष्ट बाहेर आली. आदल्या दिवशी बहादरपूरच्या स्टँडवर खंडव्याकडचा एक अनोळखी माणूस बसमधून उतरला होता. पंचविशीचा. स्टँडजवळच्या किराणा दुकानात त्याने गौरी महाजनचं घर विचारलं. गेममध्ये ओळख झाली, घर बस स्टँडजवळ आहे हे माहीत आहे, म्हणाला. दुकानदार शहाणा, त्याने घर दाखवलं नाही, त्याला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. पण तोवर स्टँडवरच्या दहा माणसांनी ते ऐकलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की महाजनांच्या पोरीने कोणाला तरी पत्ता देऊन बोलावलं.

गौरीचं म्हणणं एकच होतं. मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही, पत्ता दिला नाही, नाव दुकानात टाकलं होतं. सुभाषभाऊंना ते पटत नव्हतं. त्यांचा मुद्दा अगदी सरळ होता.

“नाव ठीक हाये. पन दुकानवाला कशाले बस स्टँड लिहीन? हिनेच सांगितलं असीन. म्हनून म्हनतो, कॉम्प्युटर बस झाला नी कॉलेज बी बस झालं.”

बस स्टँड हा शब्द माझ्या पट्टीवरचा होता. मला कळलं होतं. अजून डबा जोडला नव्हता, पडदा बघितला नव्हता, पण मला कळलं होतं. आणि जे पुढे लिहितोय ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी लगेच बोललो नाही. सुभाषभाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पडद्यावर काय आहे ते मी सांगेन तेच त्यांच्यासाठी खरं ठरणार होतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. इतक्या वर्षांत एकही डबा चुकीच्या घरी न पाठवलेला विनूभाऊ, त्याच्या हातून एक मुलगी गावाच्या तोंडी गेली, हे त्यांच्यासमोर म्हणायचं होतं. मी म्हणालो, जोडून बघू आधी. आणि वायरी शोधायचं सोंग करत खाली वाकलो.

वर आलो तेव्हा गौरी माझ्याकडे बघत होती. तिलाही माहीत होतं. तिने माझं नाव घेतलं होतं आणि बापाने ते खोटं ठरवलं होतं, आणि आता ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. पलीकडे स्टुलावर ठोसरकाकांनी गठ्ठा मिटला होता. त्यांना बोलता आलं असतं.

मी कॉम्प्युटर सुरू केला, खातं उघडलं. नाव आलं. मग मी डब्यावरची पट्टी नखाने उचकटली, तिचा एक कोपरा फाटला, आणि ती पडद्याशेजारी नावाच्या बरोबरीने चिकटवली. सुभाषभाऊंना म्हटलं, पट्टी वाचा. ती मराठीत होती, माझ्या अक्षरात. त्यांनी वाचली: गौरी महाजन, बहादरपूर, बस स्टँडजवळ.

“या पडद्यावर इंग्रजीत हेच लिहिलंय,” मी म्हणालो. “शेवटचं ‘जवळ’ तेवढं मावलं नाही. हे मी लिहिलं. तिने मला विचारलं होतं, खरं नाव टाकायचं का, आणि मी तिला गप्प बसवलं. चूक माझी आहे, सुभाषभाऊ. तिची काही नाही.”

सुभाषभाऊंनी पट्टीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा पट्टीकडे. आपल्याला न येणारी अक्षरं ते बोटाने एकेक मोजत होते. मला वाटलं, आता मला शिव्या बसतील आणि त्या बसायलाच हव्या होत्या. पण ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, “मी तुह्यावर भरोसा नाही केला, बाई.”

गौरी तेव्हा रडली. आधी घरी रडून आली होती, ते वेगळं. दुकानातली तिन्ही गिऱ्हाइकं रस्त्याकडे बघायला लागली.

मग ठोसरकाका उठले. गठ्ठा घेऊन पुढे आले आणि तहसिलीतल्यासारखे सुभाषभाऊंच्या समोर बसले. त्यांनी निळ्या रेघांच्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या आणि आमच्या बोलीत सांगितल्या. नाव सगळ्यांना दिसतं, ही ती ओळ. नाव बदलता येतं, ही ती. पण थांबा, बदललं तरी जुनं नाव मागच्या यादीत राहतं आणि ती यादीही लोकांना दिसते. ती पुसायची सोय वेगळी आहे, ही इथे, सव्विसाव्या पानावर. मला ते सव्विसावं पान माहीत नव्हतं. नाव बदलून मी हात झटकले असते आणि बस स्टँड मागच्या यादीत तसाच टांगलेला राहिला असता. ज्या माणसाला मी तीन महिने रिकामा समजत होतो, त्याने तेवढ्यात आमच्या धंद्यातलं आम्हाला नसलेलं ज्ञान गोळा करून ठेवलं होतं.

आम्ही सगळं पुसलं. त्या खंडव्याच्या माणसाला अडवायची सोयही काकांनी शोधून ठेवली होती, तीही केली. नवीन नाव काय ठेवायचं, असं मी गौरीला विचारलं. तिच्याआधी सुभाषभाऊच म्हणाले, केळीची गाडी ठेवा. तेच ठेवलं. मग त्यांनी विचारलं की हा गेम असतो तरी कसा. गौरीने ट्रक सुरू करून दाखवला. सुभाषभाऊ तिच्या मागे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, आणि उतार आला तसे म्हणाले, गियर कमी कर, माल हलतो. ती म्हणाली, केलाय बाबा. पाऊण तास झाला तरी दोघं हलेनात. तिसऱ्या गिऱ्हाइकाने शेवटी आपला प्रिंटर स्वतःच उचलून माझ्यासमोर ठेवला.

मी संध्याकाळी सुभाषभाऊंबरोबर बहादरपूरला गेलो. स्टँडवर, त्याच किराणा दुकानासमोर उभा राहून, चार माणसं जमवून सांगितलं की पत्ता मी टाकला होता. पट्टी खिशात नेली होती, ती दाखवली. कोणी म्हणालं, असं कसं हो केलं. दुकानदाराने चहा मागवला. गौरीचं कॉलेज सुटलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी वही घेऊन फिरत होतो. ज्यांची ज्यांची खाती मी उघडून दिली होती, त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, तुमचं नाव आणि घराची खूण जगाला दिसतेय, बदलूया. सिंधीपुऱ्यात एका मावशींनी मला पाणी दिलं, बसवलं आणि मग व्यवस्थित झापलं. बाकीच्यांनी माफ केलं, इतक्या सहज की मलाच ओशाळं वाटलं. एक कापडवाले शेठ मात्र नाव बदलायला तयार होईनात. त्यांचं खातं होतं नाव, इतवारा आणि मंदिराच्या मागे. परदेशातले खेळाडू मला या नावाने ओळखतात, म्हणाले, एकाने विचारलंसुद्धा की मंदिर कोणाचं आहे. शेवटी मंदिर राहू दिलं, इतवारा काढला. वही मी कपाटात टाकून कुलूप लावलं.

त्यानंतर दुकानात एक नेम सुरू झाला. टिचकी मारण्यापूर्वी मुख्य मुद्दे गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे. नाव कोणाला दिसणार, काय नोंद होणार, कशाची परवानगी मागतायत, आणि यातलं काय काय बंद करता येतं. मग त्याने म्हणायचं हो. काम अडायचं, लोक घड्याळ बघायचे, दोघा-तिघांनी दुसरं दुकान धरलं. पण कॉलेजची पोरं मुद्दाम माझ्याकडे यायला लागली. ज्यांच्या धास्तीवर मी दाढीचे विनोद केले होते, तीच पोरं आता मला कोणत्या गेममध्ये काय लपलंय ते आणून सांगायची. त्यांच्याकडून मी फार शिकलो. कॅमेऱ्यावर टिकली लावणाऱ्याची मी नंतर माफी मागितली. त्याने दुसऱ्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यासाठी टिकल्यांचं पाकीट आणून दिलं.

ठोसरकाकांनी तो बुद्धिबळाचा गेम कधीच टाकून घेतला नाही. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्याला हे मान्य नाही, आणि डबी मिटून पिशवीत ठेवली. वेळ जावा म्हणून आम्ही काउंटरवर लाकडी पट मांडायला लागलो. रोज अकराला एक डाव. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे चाललं आणि मी त्यांना फार तर पाच-सहा वेळा हरवलं असेल.

गौरी आता इंदूरला एका ऑफिसात कामाला आहे. मागच्या महिन्यात सुभाषभाऊ नवा फोन घेऊन दुकानात बसले होते. फोनने अंगठा मागितला, म्हणजे तो बोटाचा ठसा घेतात तो. मी म्हटलं, ठेवा अंगठा. ते म्हणाले, “ऊं हूं. आधी गौरीले फोन लावा. ती वाचून दाखवीन, मंग.” मी त्या पानांचे फोटो काढून तिला पाठवले, आणि त्या पोरीने ऑफिसातून, कामाच्या वेळात, बापाला पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं.

ठोसरकाकांच्या मागे त्यांच्या पुतण्याने घर आवरलं तेव्हा तो दुकानात आला आणि एक दोऱ्याने बांधलेला गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यावर माझं नाव होतं, म्हणाला. तेच करारपत्र. पानापानांवर निळ्या रेघा. शेवटचं पान काढलं. तळाशी त्यांच्या तहसिलीतल्या वळणदार अक्षरात, प्रत्येक कागदाखाली ते लिहायचे तशी, हिंदीत ओळ होती: ‘पढ़कर सुनाया। विनायक ने सुना, समझा नहीं।’ त्याच्याखाली, वेगळ्या पेन्सिलीने, नंतर कधीतरी लिहिलेलं: ‘बाद में समझा।’

आणि त्याच्यापुढे अंगठ्यासाठी जागा सोडलेली होती.

पुतण्याला मी बसायला सांगितलं. भाच्याकडून शाईचा पॅड मागवला. दोन्ही ओळी एकदा मोठ्याने वाचल्या, आणि त्या जागेवर अंगठा ठेवला.